पित्ताची गोळी मागण्याआधी

“दादा, पित्ताची गोळी द्या एक.”

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं औषधाचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. हे वाक्य दिवसातून पंधरा-वीस वेळा तरी कानावर येतं. मी सवयीने विचारतो, “नेमकं काय होतंय?” आणि समोरचा वैतागतो. पित्त म्हणजे पित्त, त्यात विचारायचं काय!

एकाच आठवड्यातली चार माणसं सांगतो. एका मावशींच्या दंडावर लाल गांधी उठल्या होत्या, खाजवून खाजवून हात लाल झालेले. एका कॉलेजच्या मुलीचं अर्धं डोकं ठणकत होतं, उजेड सोसवत नव्हता, “उलटी झाली की मोकळं वाटेल” म्हणत होती. एक टेम्पोवाला, रात्री जेवून आडवा झाला की त्याच्या घशाशी आंबट येतं. आणि चौथे एक काका, दुकानाच्या तीन पायऱ्या चढून धापा टाकत होते, छातीवर दगड ठेवल्यासारखं होतंय म्हणाले, कपाळ घामाने भिजलेलं. चौघांनीही पित्ताचीच गोळी मागितली. ती लागू होती फक्त टेम्पोवाल्याला.

मराठीत आपण या एका शब्दाला फार राबवलंय. अंगावर उठतं ते पित्त, डोक्यात चढतं ते पित्त, छातीत जळतं ते पित्त, आणि उलटीत पिवळं कडू पडतं तेही पित्त. यातलं खरं पित्त फक्त शेवटचं. ते यकृतात तयार होतं, पित्ताशयात साठतं आणि लहान आतड्यात उतरतं. चवीला कडू. छातीत जळतं ते जठरातलं आम्ल, चवीला आंबट. अंगावरच्या गांधी म्हणजे त्वचेतल्या पेशींनी सोडलेलं हिस्टामाइन, त्याचा पोटातल्या आम्लाशी संबंध नाही. (गंमत अशी की जठरात आम्ल तयार करण्याचा एक निरोपही हिस्टामाइनच पोचवतं, पण दरवाजा वेगळा. म्हणून गांधींना वेगळी गोळी आणि जळजळीला वेगळी.) आणि दर पंधरा दिवसांनी ‘चढणारं’ पित्त बहुतेक वेळा अर्धशिशी असते. अर्धशिशीत जठराचं काम मंदावतं, म्हणून मळमळतं, म्हणून दोष पोटाकडे जातो. त्या मुलीने आईच्या सांगण्यावरून दोन वर्षं आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या खाल्ल्या होत्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

तेव्हा पहिली पायरी हीच. ‘पित्त’ हा शब्द बाजूला ठेवा आणि काय होतंय ते साध्या भाषेत स्वतःला सांगा. कुठे होतं, कधी होतं, कशाने वाढतं, कशाने थांबतं.

पुढे वाचण्याआधी चौथ्या काकांचं. त्यांना मी गोळी दिली नाही. स्टुलावर बसवलं, मुलाला फोन लावला, १०८ ला लावला. हृदयविकाराचा झटका, विशेषतः हृदयाच्या खालच्या भागाला आलेला, हुबेहूब अपचनासारखा वाटू शकतो. पोटाच्या वर, बरगड्यांच्या मधोमध दुखतं, मळमळतं, ढेकर येतात. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना छातीत कळ न येताही झटका येऊ शकतो. छातीत दडपण आणि सोबत घाम, दम, डावा हात, जबडा किंवा पाठ दुखणं, चालल्यावर वाढून थांबल्यावर कमी होणं, यातलं काहीही असेल तर सोड्याची पुडी पाण्यात टाकून वाट बघत बसू नका. ईसीजी काढायला पाच मिनिटं लागतात. तो काढल्यावर जळजळच निघाली तर उत्तमच, घरी येऊन हा लेख पुढे वाचा.

दहा दिवसांची वही

गिऱ्हाईक नेहमीचं असेल तर मी त्याला गोळीबरोबर एक काम देतो. मुलाची जुनी वही घ्या, दहा दिवस लिहा: काय खाल्लं, किती वाजता, किती वाजता आडवे झालात, त्रास कधी झाला आणि कोणकोणत्या गोळ्या घेतल्या. ‘कोणकोणत्या’मध्ये सगळ्या आल्या, गुडघ्यासाठीची, बीपीची, कंबरेसाठी शेजारणीने दिलेलीसुद्धा.

दहापैकी सात जण लिहीत नाहीत. लिहितात त्यांना चौथ्या-पाचव्या दिवशी स्वतःच उत्तर दिसायला लागतं. एका शिक्षकांनी माझ्यासमोर वही उघडली आणि माझ्याआधी तेच म्हणाले, “अरे, हे तर फक्त शनिवार-रविवारचं आहे.” शनिवारी रात्री साडेदहाला हॉटेलातलं जेवण, अकराला झोप. बाकी आठवडा शाळेच्या वेळेमुळे आठला जेवण. मिरची तर ते रोजच खात होते, तिच्यावर उगाच आळ आला होता.

“रात्री आडवं झालं की घशाशी येतं”

टेम्पोवाल्याची तक्रार ही. माझी स्वतःचीही हीच होती, म्हणून यावर जरा जास्त बोलतो.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूचं एक कडं असतं. घास खाली जाताना ते उघडतं आणि मिटतं. ते सैल पडलं किंवा पोटातून वर दाब वाढला की आम्ल उलटं चढतं. जठराला आतून चिकट अस्तर असतं, अन्ननलिकेला तसं काही नाही, म्हणून जळतं. म्हणजे पुष्कळांचं आम्ल जास्त नसतंच. ते नको तिथे जातं एवढंच. दिवसा उभे असतो तेव्हा ते खाली राहतं, झोपलो की भांडं आडवं होतं.

दुकान रात्री साडेनऊला बंद करून मी दहाला जेवायचो आणि सव्वादहाला गादीवर. वर्षभर रोज एक गोळी खाल्ली, हातातलीच होती ना. मग आधी जेवण हललं. आता संध्याकाळी सातला डबा दुकानातच उघडतो, गिऱ्हाईक आलं तर हात धुऊन उठतो. जेवण आणि झोप यांत तीन तास. शहरात लोकल धरून नऊला घरी पोचणाऱ्याला हे सांगणं सोपं नाही, मला कल्पना आहे. त्याने भाकरी-भाजी संध्याकाळी सहा-सातला ऑफिसातच खावी आणि घरी आल्यावर वाटीभर मुगाची पातळ खिचडी किंवा सूप. रात्रीचं ताट हलकं झालं तरी अर्धं काम होतं.

दुसरं, पलंगाची उशाकडची बाजू वर करायची. उशा वाढवायच्या नाहीत. दोन-तीन उशा घेतल्या की मान आणि कंबर वाकते, पोट दाबलं जातं आणि उलट जास्त येतं. पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली दोन-दोन विटा आडव्या ठेवा. साधारण १५ सेंटिमीटर उंची मिळते आणि तेवढीच हवी असते. पेटीचा पलंग असेल, पाय नसतील, तर गादीखाली कंबरेपासून वर उतार येईल असं काहीतरी घाला. खाली अंथरूण घालणाऱ्यांनी गोधड्यांची घडी गादीखाली सरकवावी, खांद्यापासून नाही, कंबरेपासून. पहिले दोन दिवस घसरल्यासारखं वाटतं. माझ्या बायकोने तिसऱ्या दिवशी विटा काढायला लावल्या होत्या, चौथ्या दिवशी माझी रात्रभराची खाकरणी ऐकून परत ठेवल्या.

तिसरं, कूस. आपल्याकडे दुपारच्या विश्रांतीला वामकुक्षी म्हणतात आणि पुण्याच्या एक ते चारवर विनोद करतात, पण शब्दातच सांगितलंय: वाम म्हणजे डावी कूस. जठराचा फुगीर भाग डावीकडे असतो. डाव्या कुशीवर आम्ल त्या खोलगटात साचतं आणि अन्ननलिकेचं तोंड वर राहतं. उजव्या कुशीवर उलटं, तोंडच आम्लात बुडतं. झोपायचं तर डाव्या कुशीवर. अर्थात जेवल्या जेवल्या नाही. आधी शतपावली, तीही आरामात.

कडं सैल पाडणाऱ्या गोष्टी: तेलकट-तुपकट जेवण, तंबाखू, दारू, चॉकलेट आणि पुदिना. पुदिन्याचं नाव ऐकून लोक चमकतात. पोटातली मुरड थांबवायला पुदिना चांगला, पण घशाशी आंबट येत असेल तर त्या हिरव्या गोळ्या त्रास वाढवू शकतात. आमच्या भागात बायका पहाटे उठल्या उठल्या मशेरी लावतात, रिकाम्या पोटी, आणि नंतर दिवसभर छातीत जळतं म्हणून येतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. बीपीची अॅम्लोडिपिन ही गोळीही कडं सैल करते. ती मनाने बंद करायची नाही, पण गोळी सुरू झाल्यावर जळजळ सुरू झाली असेल तर डॉक्टरांना तसं सांगायचं.

आणि पोटावरचा दाब. पोट सुटलेलं असेल तर चार-पाच किलो उतरल्यावर फरक कळतो. तोवर निदान पट्टा एक भोक सैल आणि परकराची नाडी जरा सैल. यासाठी औषध लागत नाही म्हणून कोणी ऐकत नाही. गरोदरपणात तर हे दोन्ही एकदम होतं, संप्रेरकांमुळे कडं सैल आणि खालून बाळाचा दाब. तिथे सोड्याची पुडी टाळावी आणि कुठलीही गोळी डॉक्टरांना विचारूनच.

“रिकाम्या पोटी आग पडते”

ही वेगळी जात. जळजळ छातीत नाही, बेंबीच्या वर. खाल्लं की थोडं बरं, दोन-तीन तासांनी परत. कधी पहाटे दोन-तीनला जाग येते.

इथे मी पहिल्यांदा दुखण्याच्या गोळ्या विचारतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असेक्लोफेनॅक, अॅस्पिरिन. या गोळ्या जठराच्या अस्तराची राखण करणारे रेणूच कमी करतात. गोळी जेवणानंतर घेतली म्हणजे झालं असं पुष्कळांना वाटतं, पण तिचा परिणाम रक्तातून होतो, त्यामुळे भरल्या पोटाने पुरतं संरक्षण मिळत नाही. ऊसतोडीच्या हंगामात कंबर धरते म्हणून रोज दोन गोळ्या खाणारी माणसं मी बघतो, आणि महिन्याभरात तीच पित्ताची गोळी मागायला येतात. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालत असेल तर योग्य मात्रेत तेच बरं. हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली छोटी अॅस्पिरिन मात्र मनाने बंद करायची नाही.

मग चहा. सकाळी उठल्यावर कडक, साखरेचा, रिकाम्या पोटी, मग दहाला आणखी एक, आणि नाश्ता बाराला वडापाव. चहा सोडा असं सांगणारा मी कोण, माझ्याच दुकानात दोनदा येतो. पण आधी काहीतरी खा, अर्धी भाकरी, केळं, मूठभर मुरमुरे, आणि मग चहा घ्या. खारी-बटर म्हणजे खाणं नव्हे, त्यात तूप-डालडाच जास्त.

एवढं करूनही महिनाभर आग राहत असेल तर हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू तपासून घ्या. जठराच्या आम्लात काही जगत नाही असं डॉक्टर मानत होते त्या काळात, १९८२ साली, ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तो वाढवून दाखवला. कोणी विश्वास ठेवेना म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जिवाणूंचं पेलाभर मिश्रण स्वतः पिऊन टाकलं आणि काही दिवसांत जठराला सूज आणून घेतली. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं. या शोधाआधी जगभर अल्सरचा, म्हणजे जठराला किंवा लहान आतड्याला आतून पडणाऱ्या जखमेचा, दोष काळजी आणि मसाल्याला दिला जात होता. भारतात हा जिवाणू खूप लोकांच्या पोटात असतो, सगळ्यांना त्रास होत नाही, पण अल्सर असेल तर त्याला हुसकावल्याशिवाय अल्सर परत परत येतो. श्वासाची किंवा शौचाची तपासणी असते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल तर तपासणी खोटी ‘नाही’ दाखवू शकते. ती दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधी बंद लागतं, डॉक्टरांना विचारून. उपचार साधारण १४ दिवसांचा, तीन-चार गोळ्यांचा, आणि अर्ध्यात सोडायचा नाही. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेली पाकिटं परत करायला येणारे असतात. मी घेत नाही.

“दोन घास खाल्ले की पोट टम्म”

इथे आम्लाचा दोष बहुधा कमी असतो. जठर नीट सैलावत नाही, पुढे ढकलण्याचं काम सावकाश होतं किंवा आतड्यात वायू धरतो. अशांना आम्लाची गोळी दिली तर कधी थोडं बरं वाटतं, कधी काहीच नाही.

वहीत बघायचं ते हे: किती भरभर खाता, जेवताना बोलता किती, सोडा-लिंबू पिता का, आणि डाळी-उसळी किती. घाईत आपण घासाबरोबर हवा गिळतो. मटकी-वाटाणा मोड आणून, पाणी बदलून, पुरतं शिजवून खाल्ला तर तेवढा त्रास देत नाही. हरभऱ्याच्या डाळीचं पिठलं रात्री नऊला खाल्लं तर देतो. फोडणीतलं हिंग, जेवणानंतरची चिमूटभर ओवा-बडीशेप, पातळ ताक, हे इथे खरंच कामाचं आहे. पण छातीत जळत असेल तेव्हा ओवा चावू नका, तोच जळतो. दूध प्यायलं की पोट फुगत असेल तर काही दिवस दूध बंद करून बघा, दही-ताक चालवून बघा. मोठेपणी दुधातली साखर पचवण्याची ताकद कमी होणं आपल्याकडे अगदी नेहमीचं आहे.

बद्धकोष्ठ असेल तर आधी ते सोडवा. खालचा रस्ता अडला की वरचं पुढे सरकत नाही. इसबगोल घेत असाल तर भरपूर पाण्यासोबत.

जेवण तेलकट झालं की उजव्या बरगडीखाली कळ येते, अर्धा तास ते चार-पाच तास राहते, उजव्या खांद्याच्या पाठीमागे जाते, अशी खूण असेल तर सोनोग्राफी करा. पित्ताशयात खडे असू शकतात. इतक्या सगळ्या ‘पित्तां’मध्ये हेच एक नावाला जागणारं, आणि नेमकं हेच लोक गॅस म्हणून वर्षभर अंगावर काढतात.

उपवासाचं काय

आषाढी आणि महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पांढऱ्या औषधाच्या बाटल्या जास्त जातात. एकादशी आणि दुप्पट खाशी हे कोणी उगाच म्हटलेलं नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिठूळ पदार्थ, त्यात दाण्याचं कूट, आणि शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं. वर तूप, बटाटा, हिरवी मिरची. सकाळपासून चहावर राहायचं आणि एक वाजता अशी दोन ताटं. तेल जठर रिकामं व्हायला उशीर लावतं, ताट भरगच्च असलं की कड्यावर दाब येतो. मिसळीच्या तर्रीचंही तेच. तिखटाने पोटात आम्ल फारसं वाढत नाही, ते आधीच सुजलेल्या जागेला झोंबतं. उशीर लावतो तो वरचा लाल तवंग.

उपवास मोडा म्हणत नाही. वरीचा मऊ भात, दाण्याची आमटी पातळ, रताळं, केळं, ताक, आणि एकदम दोन ताटांऐवजी तीन वेळा थोडं थोडं. आमच्या आजी भगर आणि ताकावर नवरात्रातले नऊ दिवस काढायच्या, त्यांना कधी पित्त झालेलं आठवत नाही.

“गोळी घेतो तोवर बरं, सोडली की परत”

ही सगळ्यात मोठी तक्रार, आणि यात आमच्या धंद्याचाही हात आहे. पँटोप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल, ओमेप्रॅझोल या कायद्याने चिठ्ठीवरच्या गोळ्या. किती दुकानांत चिठ्ठी विचारली जाते ते तुम्हालाही माहीत आहे.

आधी घ्यायची वेळ. जठराच्या पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे पंप असतात. ही गोळी जठरात काम करत नाही. ती आतड्यात विरघळते, रक्तातून त्या पेशींपर्यंत पोचते आणि जे पंप चालू आहेत तेवढेच बंद करते. पंप चालू होतात ते खायला लागल्यावर. म्हणून गोळी सकाळी नाश्त्याच्या ३० ते ६० मिनिटं आधी घ्यायची, आणि नंतर खायचंच. गोळी घेऊन दुपारपर्यंत उपाशी राहिलात तर ती बरीचशी वाया जाते. जळजळ सुरू झाल्यावर घेतली तर तहान लागल्यावर विहीर खणल्यासारखं. पुरता परिणाम यायला तीन-चार दिवस लागतात. गोळी फोडू नका, चावू नका, कुटून पोरांना देऊ नका. वरचं आवरणच तिला जठरातल्या आम्लापासून वाचवतं.

आत्ता जळतंय त्याला आत्ताचं औषध वेगळं: पांढरं किंवा गुलाबी पातळ अँटासिड. रिकाम्या पोटी ते अर्धा तास टिकतं, जेवणानंतर तासाभराने घेतलं तर दोन-तीन तास. त्यातल्या मॅग्नेशियमने पोट सैल होतं, अॅल्युमिनियमने आवळतं, म्हणून दोन्ही एकत्र घालतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र विचारल्याशिवाय नको. इतर गोळ्या आणि अँटासिड यांत दोन तासांचं अंतर ठेवा, थायरॉइडच्या गोळीला चार तास.

आता सोडल्यावर परत का होतं. आम्ल बरेच दिवस दाबून ठेवलं की शरीर ते वाढवायचे निरोप जोरात पाठवत राहतं. गोळी अचानक बंद केली की पंप सुटतात आणि काही आठवडे आधीपेक्षा जास्त आम्ल येतं. २००९ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी पोटाचा काहीच त्रास नसलेल्या धडधाकट लोकांना आठ आठवडे ही गोळी देऊन बंद केली. नंतर त्यातल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर असा त्रास झाला. सुरुवातीपासून खोटी गोळी घेतलेल्या गटात तो १५ टक्क्यांना झाला. म्हणजे “मला आयुष्यभर लागणार” असं जे वाटतं, त्यात थोडा वाटा गोळी सोडण्याच्या पद्धतीचाही असतो.

म्हणून सावकाश उतरायचं. ४० मिलिग्रॅमची चालू असेल तर दोन आठवडे २० ची, मग दोन आठवडे एक दिवसाआड, मग बंद. मधल्या दिवसांत जळलं तर पातळ अँटासिड. विटा, जेवणाची वेळ, तंबाखू हे सगळं याआधी जागेवर यायला हवं, नाहीतर उपयोग नाही. मला सहा आठवडे लागले आणि तिसरा आठवडा वाईट गेला. पण अल्सरमधून रक्तस्राव झाला असेल, रक्त पातळ करणाऱ्या किंवा दुखण्याच्या गोळ्या कायम चालू असतील, किंवा डॉक्टरांनी मुद्दाम लांब मुदतीवर ठेवलं असेल तर हे घरी करायचं नाही. आणि वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ तपासून घ्या, विशेषतः शाकाहारी असाल आणि मधुमेहाची मेटफॉर्मिनही घेत असाल तर. तिन्ही मिळून ते खाली आणतात.

पाकिटावर नावापुढे ‘डी’ असतो ती नीट बघा. त्यात बहुधा डोम्पेरिडोन असतं, मळमळीचं औषध. हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो म्हणून युरोपात २०१४ पासून ते मळमळ-उलटीपुरतं आणि साधारण आठवडाभरच द्यायचं असं ठरलं. आपल्याकडे लोक ते महिनोन्‌महिने रोज सकाळी घेतात. मळमळ नसेल तर साधी गोळी मागा. रॅनिटिडीन या आम्ल कमी करणाऱ्या जुन्या गोळीचंही असंच सवयीने चाललंय. त्यात कर्करोगाशी जोडलेली अशुद्धी सापडल्यावर २०२० मध्ये अमेरिकेने ते बाजारातून काढलं आणि २०२२ मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते वगळलं गेलं. त्याच जातीतलं फॅमोटिडीन मिळतं, डॉक्टरांना विचारा.

दूध, सोडा, आमसूल

थंड दूध प्यायल्यावर गार वाटतं हे खरं, अर्धा-पाऊण तास. मग दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. १९१५ मध्ये शिकागोच्या बर्ट्रम सिपी या डॉक्टरांनी अल्सरच्या रुग्णांना तासातासाला दूध-साय पाजायची पद्धत सुरू केली होती आणि ती कित्येक दशकं चालली. आता कोणी करत नाही. प्रवासात अडचणीला कपभर घ्या, रात्री झोपताना पेलाभर नको.

फसफसणारी पुडी घेतल्यावर मोठी ढेकर येते आणि माणूस म्हणतो, “गॅस निघाला बघा.” तो गॅस पुडीचाच असतो. आम्ल आणि सोडा एकत्र आले की तो तयार होतो. आम्ल विझतं, आराम पडतो, महिन्यातून एकदा-दोनदा ठीक. पण पाच ग्रॅमच्या पुडीत ८०० मिलिग्रॅमच्या वर सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभराला २००० च्या खाली राहा म्हणते. बीपी, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी रोज दोन पुड्या म्हणजे आगीतून फुफाट्यात.

आमसुलाचं पाणी गांधींवर चोळायची कोकणातली रीत आहे, त्याने गार वाटतं, चोळा. सोलकढी जेवणानंतर पुष्कळांना मानवते. पण अन्ननलिका सोललेली असताना कोकम सरबत, लिंबू, आवळ्याचा रस यातलं काहीही झोंबू शकतं. इथे ‘पित्तशामक’ या पाटीपेक्षा तुमच्या वहीवर विश्वास ठेवा. आयुर्वेदात अम्लपित्ताचं स्वतंत्र वर्णन आहे, माधवनिदानात तर वेगळा अध्यायच आहे, आणि त्यावर औषधंही आहेत. पण सूतशेखरसारख्या कल्पांमध्ये धातूंची भस्मं असतात. ती वैद्यांना दाखवून घ्या, माझ्यासारख्याकडे नाव सांगून नको.

दुकानात न येता थेट डॉक्टरकडे जायचं ते कधी

गिळताना घास अडकतो. वजन आपोआप उतरतंय. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट होतंय (लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, ते वेगळं, पण सांगा). उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही पडतं. हिमोग्लोबिन कारण नसताना कमी आलंय. उलट्या थांबत नाहीत. किंवा वयाच्या पन्नाशीनंतर हा त्रास आयुष्यात पहिल्यांदाच सुरू झालाय. यातलं एकही असेल तर गोळ्यांनी झाकू नका. दुर्बिणीची तपासणी लोकांना वाटते तेवढी भयंकर नसते. सहा-आठ तास उपाशी राहावं लागतं, घशात बधिर करणारा फवारा मारतात आणि आत बघायला पाच-दहा मिनिटं लागतात.

जाताना दहा दिवसांची वही न्या आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या. रिकामी पाकिटंसुद्धा, चूर्णाची डबी आणि मशेरीची पुडीसुद्धा. “ती पांढरी छोटी गोळी” एवढ्यावरून औषध ओळखता येत नाही, मलाही नाही.